तीन वाफे

फेब्रुवारी. खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ,
आणि आत, स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर
विस्वाल्डिसने बियांची पाकिटं मांडलीत, पत्त्यांसारखी.
गुडघ्यात नवा सांधा बसवून झाल्यावर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या:
सात वाफे विसरा. तीन. तेही स्टुलावर बसून.

एकतीस वर्षं त्सेसिसच्या रस्त्यावर बस चालवली त्याने.
जागा नाही म्हणून कधी कुणाला खाली ठेवलं नाही,
उभ्याने, कोंबड्यांच्या खुराड्यासकट, घेतलं.
आता एकेक पाकीट कानाशी नेऊन हलवतोय,
आत बी खुळखुळतंय,
आणि थांब्यावर कुणाला सोडायचं ते ठरत नाही.

आधी टोमॅटो.
हा पहिला: चित्रात बैलाच्या काळजाएवढा, नाव राजाचं.
चार वर्षं लावला. चारही वर्षं सप्टेंबरात हिरवाच,
वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली पिकवला.
नाव मोठं, लक्षण खोटं.
बाजूला.

दुसरा बुटका, जाड सालीचा,
चवीला, कसं सांगावं, पावसाळी बुधवारासारखा.
पण जुलै सरायच्या आत हातात पडतो.
शंभर दिवसांचं ऊन मिळतं इथे;
तेवढ्यात शब्दाला जागणारा
थोडा बेचव असायचाच.
ठेवला.

"कोबी?" स्काइद्रीते आतल्या खोलीतून.
"कोबी आपण खातो कुठे? आपण कोबी वाटतो."
"मग वाटायला काय आणणार?"
याला उत्तर नाही. कोबी काठावर,
अर्धा टेबलावर, अर्धा हवेत.

काकडी मात्र खरबरीतच हवी, काटेरी, बोटाएवढी.
गुळगुळीत काकडी बरणीत मऊ पडते,
हे स्काइद्रीतेला कळतं,
पाकीट छापणाऱ्याला कळत नाही.

बीट गोल की लांबट?
गोल लवकर शिजतं.
लांबट तळघरातल्या वाळूत पुढच्या एप्रिलपर्यंत टिकतं.
ती दारात येऊन उभी, हात पिठाचे:
"आणि आपण?"
तो लांबट उचलतो.
पाकीट काकडीच्या पाकिटाला चिकटवून ठेवतो, सरळ,
जरा जास्तच सरळ.

लेकीने रीगाहून पाठवलेली ती जांभळ्या पानांची तुळस
जूनच्या थंडीतही मान टाकेल.
तिला खिडकीशी कुंडीत बसवू,
ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, लहान मुलाला बसवतात तशी.

शेपूचं पाकीट घेतलेलंच नाही.
शेपू इथे पेरतं कोण?
गेल्या सालचा सांडलेला, बटाट्यात, वाटेत,
स्टुलाच्या पायाशीसुद्धा उगवेल,
तिकीट न काढता चढेल
आणि काकडीच्या बरणीत बसून
शेवटच्या थांब्यापर्यंत येईल.

कुंपणापाशी लुप्स्ताय्स आहे.
ओव्यासारखा उग्र वास, आषाढात पुरुषभर उंची.
वाफ्यांच्या हिशेबात ते कधी धरलं नाही.
लावलं होतं आधीच्या लोकांनी.
ते एकेचाळीसच्या जूनमध्ये गेले, एका रात्रीत.
कुठल्या गाडीने, हे या गल्लीत बरीच वर्षं
कुणी विचारत नसे.
एप्रिलमध्ये बर्फातून त्याचे लालसर कोंब वर येतात,
दोघं त्यातला एकेक तोडतात, सुपात घालतात,
ज्यांचं आहे त्यांची नावं माहीत नाहीत तरी.

संध्याकाळी तीन वाफे भरले.
बुटका टोमॅटो, काटेरी काकडी, लांबट बीट,
कडेला कांद्याची पात.
कोबी शेवटी गेलाच; खाली पडला, त्याने उचलला नाही.
उरलेली पाकिटं बिस्किटाच्या डब्यात,
झाकण घट्ट.

दुसऱ्या दिवशी कोट झटकताना
स्काइद्रीतेला आतल्या खिशात काहीतरी खुळखुळलं.
राजा.
तिने पाकीट जिथल्या तिथे ठेवलं.
आणि चूल पेटवायला वर्तमानपत्र घेतलेला हात
मागे घेऊन
त्या दिवसापासून
बर्चच्या साली वापरायला लागली.